कोपरखैरण्याची टेकडी

कोपरखैरणे स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला ‘निसर्ग उद्यान, सेक्टर १४’ एवढंच सांगितलं की पुरतं. रिक्षा सेक्टरांच्या काटकोनी गल्ल्यांतून खाडीकडे निघते. नवी मुंबईचे खरे डोंगर पूर्वेला, पारसिकचे. पश्चिमेची ही बाजू खाजणाची आणि मिठागरांची, म्हणजे तळहातासारखी सपाट. म्हणूनच पुढे हिरवा उंचवटा दिसला की आश्चर्य वाटतं. इथे टेकडी कुठून आली?

ती या शहरानेच रचली. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं आणि आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा उतरला. शेतं आणि मिठागरं गेली, त्यांच्या जागी घरं उभी राहिली, १ जानेवारी १९९२ पासून महापालिकाही आली. हजारो नव्या संसारांचा कचरा खाडीकाठी, याच जागी असलेल्या क्षेपणभूमीवर साठत गेला आणि त्याचा ढीग झाला. पुढे तो ढीग बंद करून त्यावर हे उद्यान केलं.

माणसाने रचलेले उंचवटे दुसरीकडेही आहेत. स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीजजवळ पोर्ट्रॅक हाउस नावाची जुनी जहागीर आहे. तिथे १९८९ पासून चार्ल्स जेंक्स आणि मॅगी केस्विक या दांपत्याने दलदल खणून तळी केली आणि निघालेल्या मातीचे गोगलगायीसारखे वळत जाणारे उंचवटे रचले. फार देखणी कल्पना. पण ती एका घराण्याच्या हौसेतून आलेली, आणि बाग लोकांसाठी वर्षातून एखाद्या दिवशीच उघडते. आपल्या टेकडीत आपण सगळ्यांनी भर घातली आहे, म्हणून मला ती जवळची वाटते.

वर चढताना माझं लक्ष झाडांपेक्षा पायाखालीच जास्त होतं. कचऱ्याचा ढीग शास्त्रोक्त पद्धतीने बंद करायचा म्हणजे वर नुसती माती लोटून भागत नाही. आधी उतार नीट करावे लागतात. मग चिकणमातीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचं आवरण, पाणी वाहून जाईल असा खडीचा थर, आणि सगळ्यात वर झाडांसाठी माती. पावसाचं पाणी आत मुरलं तर ते कचऱ्यातून काळं होऊन पाझरतं. इथे तर खाडी शेजारीच. आतला ओला कचरा हवेविना कुजतो, मिथेन तयार होतो, त्याला नळ्यांवाटे वाट द्यावी लागते. कचरा कुजत जातो तसा ढीग हळूहळू खचतोही. अशी टेकडी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते.

माथ्यावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. पश्चिमेला कांदळवन, त्यापलीकडे ठाणे खाडी. याच खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. शाळेच्या सहली इथे जरूर आणाव्यात, आणि मुलांना आधी सांगावं की आपण कशावर उभे आहोत. शहराचा कचरा आता तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर जातो. ओला आणि सुका वेगळा न करता आपण जे देतो, त्याचा ढीग तिथेही वाढतोच आहे.