इंग्रजीचीं इवलीं उपपदें

इंग्रजी व्याकरणांतील 'ए', 'ॲन' व 'दि' हीं उपपदें दिसावयास इवलीशीं. पण आम्हां मराठी मुलांस त्यांनीं फार रडविलें. मराठींत उपपदें नाहींत. संस्कृत, लॅटिन व रशियन भाषांतही नाहींत. बर्डीच्या बाजारांतून संत्रें आणावें व खावें, एवढेंच आम्हांस ठाऊक! इंग्रजींत मात्र प्रथम तें 'ॲन ऑरेंज', आणि पुन्हां त्याचाच उल्लेख आला म्हणजे 'दि ऑरेंज'. आरंभींचा स्वर डोळ्यांनीं पाहून चालत नाहीं, कानांनीं ऐकावा लागतो. म्हणून 'ॲन अवर', पण 'ए युनिव्हर्सिटी'. नाग नदीच्या नांवापूर्वीं 'दि' येतें, अंबाझरी तलावाच्या नांवापूर्वीं येत नाहीं.

'ॲन' हा 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचाच अवशेष आहे, व 'ए' हें त्याचें आंखूड रूप. एकदां आमच्या एका वर्गबंधूनें रजेच्या अर्जांत 'ए मदर इज इल' असें लिहिलें. अर्ज वर्गांत वाचला गेला. 'कोणाची तरी एक आई आजारी आहे' असा अर्थ ध्यानीं येतांच आम्ही खदखदां हंसलों. तो मात्र खालीं मान घालून उभा होता. त्याची आई खरोखरीच आजारी होती.

मराठींत 'आई आजारी आहे' एवढें म्हटलें कीं पुरे. कोणाची, हें विचारावें लागत नाहीं. इंग्रजींत तेथें 'ए' नको, 'दि'ही नको, 'माय' हवें. हा नियम आम्ही त्या दिवशीं शिकलों. पण बालमित्रहो, त्याची चूक एका अक्षराची होती, आमची त्याहून मोठी होती. तो परत येतांच आम्हीं त्याची क्षमा मागितली, आणि पुढें उपपदांचा अभ्यास दोघांनीं मिळून केला.