सँ-त्रोपेचा एक दिवस
फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील सँ-त्रोपे हे मूळचे कोळ्यांचे गाव. १८९२ मध्ये चित्रकार पॉल सिन्याक येथे शिडाच्या नौकेतून आला. १९५६ च्या ब्रिजित बार्दोच्या चित्रपटानंतर ते धनिकांचे बंदर म्हणून जगभर गाजले. महाराजा रणजितसिंहांचे सेनानी जनरल आलार यांचा जन्मही येथलाच.

गावाला रेल्वेस्थानक नाही. त्यामुळे नीसहून निघालेल्या सहलीचे जाता-येता काही तास बसमध्ये किंवा बोटीत जातात. अशा वेळी प्रसाधनगृहाच्या चिंतेने ज्येष्ठ मंडळी पाणी पिणे सोडतात. कोणी लघवीची गोळीही परस्पर वगळतात. उन्हात पाणी कमी पडले की भोवळ येते आणि तोल जाऊन हाड मोडण्याची भीती असते. म्हणून गोळीची वेळ निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पाणी घोटाघोटाने पीत राहा. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, लघवीही अडते. त्याही विचारूनच घ्या. मधुमेह असल्यास खाऊ जवळ बाळगा.

टेकडीवरील किल्ला प्रत्येकाने चढलाच पाहिजे असे नाही. गाईडकडून भेटीची जागा व वेळ लिहून घ्या आणि प्लास दे लीस चौकात चिनारवर्गीय वृक्षांच्या सावलीत, सोबतीला कोणी घेऊन, निवांत बसा. तेथे चालणारा लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळ पाहण्याजोगा असतो. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

मुलासुनांनो, ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी येण्याआधीच तुम्ही शेजारी बसा.