फोटो सिनेमाचा, पण सिनेमात नाही!

ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्कला जाणाऱ्यांची एक ठरलेली लिस्ट असते. टाइम्स स्क्वेअर, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि वेळ उरलाच तर एखादा ब्रॉडवे शो. या लिस्टमध्ये आणखी एक पत्ता टाका. लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५२व्या रस्त्याचा कोपरा. तिथं बघण्यासारखं काय आहे? खरं सांगायचं तर काहीच नाही. फुटपाथवर एक लोखंडी जाळी आणि खालून धडधडत जाणारी सबवे. पण १५ सप्टेंबर १९५४च्या मध्यरात्रीनंतर याच कोपऱ्यावर मेरिलिन मन्रो जाळीवर उभी राहिली आणि तिचा पांढरा ड्रेस हवेनं वर उडाला.

हा फोटो बघितला नाही असा माणूस सापडणं कठीण. टी-शर्टवर, कॉफी मगवर, कॅफेच्या भिंतीवर... तो सगळीकडे असतो. फक्त ज्या सिनेमाचा म्हणून तो ओळखला जातो, त्या ‘द सेव्हन इयर इच’मध्ये नाही!

त्याचं असं झालं. ती रात्र मुळात पब्लिसिटीसाठीच आखलेली होती. स्टिल फोटोग्राफर सॅम शॉची ही आयडिया. प्रेस फोटोग्राफर्सना आमंत्रण होतं, बातमी फुटली होती आणि बघ्यांची तोबा गर्दी झाली होती. एवढ्या गोंगाटात केलेलं शूटिंग वापरता येईना, म्हणून दिग्दर्शक बिली वाइल्डरनं तोच सीन नंतर लॉस एंजेलिसला स्टुडिओत पुन्हा घेतला. १९५५ला सिनेमा आला तेव्हा पडद्यावर उडणारा स्कर्ट दिसला, मेरिलिनचा चेहराही दिसला, पण डोक्यापासून पायापर्यंतची ती अख्खी पोझ काही दिसली नाही. ती फक्त फोटोत आहे. त्या गर्दीत तिचा नवरा, बेसबॉल स्टार जो डिमॅजिओही होता. तो भयंकर चिडला. पुढच्याच महिन्यात तिनं घटस्फोटासाठी अर्ज केला. म्हणजे फोटो फुकट मिळाला नव्हता, त्याचं बिल कुणीतरी भरलं होतं.

चेहऱ्यांची फॅक्टरी

मेरिलिनचा फोटो न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा. पण असे फोटो रोजच्या रोज बनवणारी फॅक्टरी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला होती, लॉस एंजेलिसला. तिथले टुरिस्ट हॉलिवूड बुलेवार्डवर फुटपाथवरचे स्टार्स बघत मान खाली घालून चालतात. तुम्ही जरा मान वर करा आणि ६६४४ नंबर शोधा. हे ‘लॅरी एडमंड्स बुकशॉप’. १९३८ पासूनचं दुकान. आत सिनेमाची पुस्तकं, पोस्टर्स आणि जुने पब्लिसिटी फोटो. बहुतेक सगळे एकाच मापाचे, ८ बाय १० इंच, चकचकीत, ब्लॅक अँड व्हाइट.

यांना ‘स्टिल’ म्हणतात. आपल्याला वाटतं, सिनेमाच्या रिळातली एक फ्रेम काढून मोठी केली की झाला स्टिल. तसं नव्हतं. रिळातली फ्रेम इवलीशी, मोठी केली की दाणेदार आणि धूसर. म्हणून सेटवर वेगळा फोटोग्राफर असायचा. टेक ओके झाला की तो पुढे यायचा, नट-नट्या पुन्हा पोझ घ्यायच्या आणि तो मोठ्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचा. याशिवाय प्रत्येक बड्या स्टुडिओची वेगळी पोर्ट्रेट गॅलरी होती. तिथं सिनेमाचा सेट नाही, डायलॉग नाहीत. फक्त दिवे, कॅमेरा आणि स्टार. यातले फोटो ‘फोटोप्ले’सारख्या फॅन मॅगझिन्सना, पेपरांना आणि थिएटर्सना जायचे.

आपल्या मुंबईचं मेट्रो थिएटर आठवा. १९३८ला ते खुद्द एमजीएमनं बांधलं. त्या काळी सिनेमाला जाणारं कुणी घरात असेल तर विचारा, थिएटरच्या काचेच्या शोकेसमधले फोटो बघूनच पिक्चर बघायचा की नाही ते ठरायचं. ट्रेलर, रिव्ह्यू, रेटिंग... सगळं त्या काचेमागे.

एमजीएमच्या पोर्ट्रेट गॅलरीत १९२५ला रूथ हॅरिएट लुईस दाखल झाली. वय फक्त २२! ज्या धंद्यात सगळे पुरुष, तिथं या मुलीनं ग्रेटा गार्बोला आणि जोन क्रॉफर्डला आपल्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. १९३०ला तिच्या जागी जॉर्ज हरेल आला, तोही एका फोटोच्या जोरावर. नॉर्मा शिअररला ‘द डिव्होर्सी’मधला रोल हवा होता. तिचा नवरा आयर्विंग थालबर्ग एमजीएमचा बडा बॉस, पण बायको त्या रोलसाठी पुरेशी बोल्ड नाही असं त्याचं मत. वाद घालत बसण्याऐवजी नॉर्मानं हरेलला गाठलं आणि स्वतःचे हवे तसे फोटो काढून घेतले. थालबर्गनं फोटो बघितले. रोल मिळाला, आणि त्याच रोलसाठी तिला ऑस्करही मिळालं. प्रोफाइल फोटोचा फंडा आपल्या पिढीनं शोधला असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं नॉर्माला सलाम करावा!

पेन्सिलीनं पुसलेले ठिपके

हरेलचा सगळ्यात बोलका फोटो मात्र जोन क्रॉफर्डचा. १९३१, सिनेमा ‘लाफिंग सिनर्स’. या फोटोच्या दोन प्रिंट शेजारी शेजारी छापलेल्या बघायला मिळतात. एकीत जोनचा चेहरा, खांदे, हात तपकिरी ठिपक्यांनी भरलेले. दुसरीत कातडी संगमरवरासारखी गुळगुळीत. फोटोशॉप यायला तेव्हा अजून जवळजवळ ६० वर्षं होती.

मग हे केलं कसं? निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं, गडद ठिपका फिकट दिसतो. त्या फिकट जागी अतिशय टोकदार पेन्सिलीनं शिसं भरलं की प्रिंटमध्ये ठिपका गायब. एकेक ठिपका, हातानं. निगेटिव्हच ८ बाय १० इंचांचं असल्यामुळे हे शक्य होतं. फोटो जगभर गेले, ठिपके स्टुडिओतच राहिले. गंमत म्हणजे आज डोळे खिळतात ते ठिपकेवाल्या जोनवर. ती जास्त सुंदर दिसते, कारण ती कुणीतरी वाटते!

फोटो उलटा करा

‘लॅरी एडमंड्स’सारख्या दुकानात एखादा स्टिल आवडला तर लगेच पैसे काढू नका. आधी दुकानदाराला विचारून तो उलटा करा. खरी स्टोरी मागे असते. मागे स्टुडिओनं चिकटवलेला कॅप्शनचा कागद सापडेल, पेपरच्या ऑफिसचा तारखेचा शिक्का सापडेल, आणि नशीब असेल तर फोटोग्राफरच्या नावाचा शिक्काही. समोरच्या बाजूला कोपऱ्यात सिनेमाचा कोड आणि फोटोचा नंबर असतो. त्या काळची प्रिंट आणि नंतर काढलेली कॉपी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तो फरक समोरचा सुंदर चेहरा नाही, मागची बाजू सांगते.

या फोटोग्राफर्सची नावं सहसा पडद्यावर यायची नाहीत. फोटो फुकट वाटायचा माल, काम झालं की रद्दी. पुढे स्टुडिओंनी खरंच ढीगच्या ढीग फेकायला काढले, तेव्हा जॉन कोबाल नावाच्या सिनेमावेड्यानं प्रिंट आणि निगेटिव्ह्ज गोळा केली. नुसती गोळा केली नाहीत, हरेलसारख्या म्हाताऱ्या झालेल्या फोटोग्राफर्सना शोधून त्यांना बोलतं केलं. आज त्यांना आपण आर्टिस्ट म्हणतो, त्यात कोबालचा वाटा मोठा.

एक अख्खा दिवस हाताशी असेल तर बेव्हर्ली हिल्समधल्या ला सिएनेगा बुलेवार्डवरची मार्गारेट हेरिक लायब्ररी गाठा. ऑस्करवाल्या ॲकॅडमीची ही लायब्ररी १९९१ पासून पाणी शुद्ध करण्याच्या एका जुन्या, १९२८च्या देखण्या इमारतीत आहे. आत एक कोटीहून जास्त फोटो! फी नाही, पण अपॉइंटमेंट आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. काहीही घरी नेता येत नाही, तिथंच बसून बघायचं. पण जाताना ‘मेरिलिनचे फोटो दाखवा’ एवढंच मागू नका. सॅम शॉ, जॉर्ज हरेल, रूथ हॅरिएट लुईस... फोटो काढणाऱ्याचं नाव घेऊन मागा. त्यांना ते फार उशिरा मिळालं.