लायसन्स काढायचं की गाडी शिकायची?

आपल्याकडे ‘गाडी शिकलीस का?’ असं फारसं कोणी विचारत नाही. ‘लायसन्स काढलंस का?’ असं विचारतात. चाळिशी उलटल्यावर मोटार चालवायला शिकायचं मी ठरवलं, तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे माझ्या लक्षात आलं.

उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. बाजारपेठ मोठी आहे, दवाखानेही आहेत. पण मोठ्या आजारासाठी सोलापूर नाहीतर लातूर गाठावंच लागतं. आमच्या सासूबाईंना, म्हणजे घरातल्या अम्मींना, हृदयाच्या तपासणीसाठी सोलापूरला न्यावं लागतं. एसटीचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. माझे पती पुण्याला नोकरीला. घरची जुनी मोटार दारात उभी, आणि आम्ही मात्र ड्रायव्हर कधी मोकळा होतो याची वाट पाहत बसायचो. एकदा तर त्याच्या घरी लग्न निघालं म्हणून तपासणी पंधरा दिवस पुढे गेली. त्या रात्री मी पतींना फोनवर सांगितलं, मी शिकते.

नणंद हसली, “चालीस के बाद क्या गाडी सीखती भाभी?” शेजारच्या खाला जरा गंभीर झाल्या. बाईमाणसानं महामार्गावर गाडी चालवणं बरं दिसतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं वय बघून मी वाद घातला नाही. फक्त सांगितलं की उंटावर स्वार होणाऱ्या कुरैशच्या स्त्रियांची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रशंसा केल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. लेकरांवरची माया आणि नवऱ्याच्या मालमत्तेची काळजी हे त्यांचे गुण त्यात सांगितले आहेत. आणि सौदी अरबमध्येसुद्धा २४ जून २०१८ पासून स्त्रिया स्वतः मोटार चालवतात. खाला म्हणाल्या, “मग दुआ पढून बसत जा.” तेवढी परवानगी मला पुरेशी होती.

आता प्रश्न, शिकायचं कसं? पती म्हणाले, सुट्टीत आलो की मी शिकवतो. पण त्यांची सुट्टी दोन दिवसांची. शिवाय नवऱ्याकडून गाडी शिकणं आणि बापाकडून गणित शिकणं, दोन्हींत आवाज लवकर चढतो.

दुसरा मार्ग एका ओळखीच्या एजंटनं सुचवला. “मॅडम, आधार नंबर द्या आणि ओटीपी सांगा. बाकी मी बघतो.” आपल्या राज्यात २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळतो. सोय चांगली आहे. धाराशिवची खेप वाचते, नोकरदार बाईचा एक दिवस वाचतो. पण हा गृहस्थ माझ्या नावानं स्वतःच उत्तरं देणार होता. मी शिक्षिका आहे. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहते, मुलांच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून घेते. माझा पेपर दुसऱ्यानं सोडवलेला मला कसा चालेल? शिवाय दहावीतल्या कॉपीनं त्या मुलाचंच नुकसान होतं. इथल्या कॉपीनं रस्त्यावरचा परका माणूस जिवाला मुकतो. परवाना म्हणजे ‘हिला गाडी चालवता येते’ अशी साक्षच असते, आणि खोट्या साक्षीची गणती आपल्या दीनमध्ये मोठ्या गुनाहांत आहे. मी त्याला नाही म्हटलं.

मग इशाच्या नमाजनंतर अभ्यास सुरू झाला. मुलगी प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायची. गोल फलक हुकुमाचा, त्रिकोणी सावधानतेचा, चौकोनी माहितीचा, हे मला तिच्यामुळे पाठ झालं. वय चाळीसच्या वर असल्यानं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. त्या निमित्तानं डोळे तपासले, तर लांबचा नंबर निघाला. फळ्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाला तो कळला नव्हता, महामार्गावर मात्र कळला असता.

प्रत्यक्ष शिकण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूल निवडलं. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. नवशिक्याचा पाय चुकला तरी गाडी थांबते. घरच्या गाडीत ती सोय नाही. नियमाप्रमाणे मोटारीची शिकवणी किमान २१ दिवसांची, आणि त्यात १० तास प्रत्यक्ष चालवणं. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावं, कारण पुष्कळ जण आठवड्यात गुंडाळतात.

आपल्या घरांतली खरी अडचण वेगळीच असते. शिकवणारा परका पुरुष, गाडीत एकटीनं कसं बसायचं? मी शाळेतल्या दोघी सहकारी शिक्षिकांना तयार केलं. एक चालवायची, दोघी मागे बसायच्या. संकोच गेला आणि दुसरीची चूक बघून तिसरी शिकायची. ज्यांना अशा मैत्रिणी मिळणार नाहीत, त्यांनी घरातल्या मुलीला किंवा नणंदेला सोबत न्यावं. कोणताही चांगला शिकवणारा त्याला हरकत घेणार नाही.

शिकवणी संपल्यावर घरच्या गाडीवर सराव केला. पुढे-मागे ‘एल’ची पाटी, आणि शेजारी पक्का परवाना असलेला देवर. शिकाऊ परवान्यावर असं कोणीतरी शेजारी लागतंच. फजरनंतर मुरूमच्या रस्त्याला जायचं. ऊसतोडीचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, काहींना मागे लाल दिवाही नाही. त्यांच्या मागे धीर धरून राहायचं, घाईनं ओलांडायचं नाही, हा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मी घाई केली नाही. त्याची मुदत सहा महिन्यांची असते. हात बसल्यावर धाराशिवला चाचणी दिली आणि अल्लाहच्या कृपेनं पास झाले. आता अम्मींना मीच नेते. दिवसा जाते, अंधारापूर्वी परत येते.

या सगळ्याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. वडिलांची मोटरसायकल त्याला खुणावते, मित्र तर चालवतातच. आमच्या शाळेतही मोठ्या वर्गांतली मुलं बापाच्या गाडीवर येतात आणि कोपऱ्यावर लावून आत शिरतात. गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. हे मी त्याला आधीही सांगितलं होतं, त्यानं ऐकून सोडून दिलं होतं. पण त्यानं आईला रात्री फलक पाठ करताना पाहिलं, पाटी लावून हळूहळू गाडी चालवताना पाहिलं. आता तो स्वतःच म्हणतो, वाढदिवस झाला की पहिल्यांदा शिकाऊ परवान्याचा अर्ज भरू.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. हेल्मेट, सीटबेल्ट, खरी परीक्षा आणि पुरेसा सराव हेच आजच्या काळात उंट बांधणं आहे. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला सारणं हाही ईमानचाच भाग आहे, मग गाडी न शिकता आपणच ती इजा होऊन रस्त्यावर का उतरावं? ज्या भगिनींच्या दारात गाडी उभी आहे, त्यांनी जरूर शिकावं. वय आड येत नाही. फक्त आपली परीक्षा आपणच द्यावी.