चातुर्मासानंतरचा प्रवास

राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, याची उमरीच्या या कुटुंबास वार्ताही नव्हती. तरी चातुर्मास संपताच भाड्याने घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर त्यांनी फिरते घरच करून टाकली होती. शेगडी, उकळून गार केलेले पाणी, खाकऱ्यांचे डबे, अंथरुणे. आणि आजींची सामायिकाची पिशवी, अर्थातच सर्वांत वर.

लोहा, अहमदपूर मागे पडले. लातुरात धाकट्या बंधूंचे घर होते, परंतु भेट हॉटेलात ठरली होती. आडतीच्या वाटण्या होऊन १२ वर्षे लोटली. आधी कोणी कोणाचा उंबरठा ओलांडावा, हे सुटत नव्हते. हॉटेलचा तोडगा सुनांचा. पुरुषांस तो सुचता ना!

कार्तिकात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि आजींचा चौविहार. चाकूरजवळ चाक पंक्चर झाले. गाडी पोहोचली तेव्हा जेमतेम वीस मिनिटे उरली होती. धाकटे बंधू दारातच उभे होते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून त्यांनी ताटे आधीच वाढवून ठेवली होती.

“बाई, आधी जेवून घ्या,” एवढेच ते म्हणाले.

त्या घाईत कोण कोणाशेजारी बसले, हे पाहण्यास कोणालाच सवड नव्हती. पाणी पिऊन आजींनी पच्चक्खाण घेतले, तेव्हा दोघे भाऊ एकाच बाकावर होते.

बिल धाकट्यांनी दिले. मोठ्यांनी देऊ दिले. मुक्काम गाडीतच ठरला होता. अंथरुणे मात्र त्या रात्री धाकट्यांच्या घरी उतरली.