साथीचा धर्म

उत्तम साथीदाराचें अर्धें लक्ष आपल्या वाद्याकडे आणि अर्धें गायकाच्या श्वासाकडे असतें. गायकानें एखादी जागा लांबविली, तर पेटीवाला तिच्याबरोबर थबकतो. गायकाचा आवाज नाजूक झाला, तर तोही भाता हलका करितो. परंतु ज्याला कानच नाहींत असा साथीदार घरांत आला, तर काय करावें?

आमची नात व्हायोलिन शिकते. गेल्या वर्षीं तिनें बाखचा ए मायनर कॉन्चेर्टो हातीं घेतला. त्यास तंतुवाद्यांच्या मेळाची साथ लागते. ती पुण्यांत आमच्या दिवाणखान्यांत कोठून मिळावी? म्हणून तिच्या थोरल्या भावानें संगणकावर साथ सिद्ध केली. स्वर निर्दोष, ताल अचूक. तरी पंधरा दिवसांत मुलगी रडकुंडीस आली. मधल्या संथ भागांत ती एखाद्या स्वरावर किंचित् विसावली, कीं मेळ तिला टाकून पुढें जाई. वाद्य कायमचें पेटींत ठेवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हां आम्हांस स्वस्थ बसवेना.

अशी साथ म्हणजे मुळांत ध्वनि नव्हे, तर सूचनांची यादी असते. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मिडी या संकेतानुसार कोणता स्वर, केव्हां व किती जोरानें, हें आंकड्यांनीं लिहितात. नातवानें सबंध भागास मिनिटास ५० मात्रा असा एकच आंकडा दिला होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त लयीच्या चालीचे, म्हणजे यतीचे, प्रकार सांगितले आहेत: एकसारखी ती समा, संथ आरंभून वेग घेणारी ती स्रोतोगता, आणि उलट मंदावत जाणारी ती गोपुच्छा. आम्हीं नातवास एवढेंच म्हटलें, "अरे, तूं समा लिहिलीस, तिच्या वाक्याच्या शेवटीं गोपुच्छा आहे."

मग त्यानें बहिणीचें एकटीचें वादन ध्वनिमुद्रित केलें आणि तें ऐकत, बोटानें मात्रा देत, लयीचा नकाशा काढला. जेथें ती विसावते तेथें ५० वरून ४६, आणि पुढच्या मात्रांत हळूहळू पूर्ववत्. एकदम उडी घेतली तर कानास धक्का बसतो.

जोराचेंही तसेंच. मिडींत स्वराच्या आघातास १ ते १२७ पर्यंत आंकडा देतात. पियानोस तेवढें पुरतें. परंतु गजानें काढलेला स्वर आघातानंतरही फुगतो व ओसरतो. त्यासाठीं ११ क्रमांकाचा निराळा नियंत्रक सतत चढउतार करीत ठेवावा लागतो. शिवाय जोरानें वाजविलेल्या व्हायोलिनचा रंगच वेगळा असतो. केवळ आवाजाची कळ फिरवून तो येत नाहीं. नात एकटी बोलूं लागली कीं मेळ खालीं, तिचा विराम आला कीं वर, एवढी व्यवस्था होतांच तिचें वाद्य स्पष्ट ऐकूं येऊं लागलें.

वादकाच्या मागून चालणारा संगणक १९८४ सालीं बॅरी व्हर्को व रॉजर डॅननबर्ग यांनीं स्वतंत्रपणें दाखविला. आमच्या घरच्या नकाशांत मात्र मुलीचा कालचा श्वास आहे, आजचा नाहीं. म्हणून नातू तो दर महिन्यास नवा काढतो, आणि रविवारीं यंत्र बंद ठेवून ती शेजारच्या पियानो वाजविणाऱ्या बाईंबरोबर वाजविते. ज्या मुलाचा ताल कच्चा आहे त्यास समेचा सराव हवाच. परंतु ताल पक्का झाल्यावर मुलास यंत्राच्या लयींत बसविण्याऐवजीं यंत्रास मुलाच्या लयींत बसवावें, अशी आईबापांस आमची विनंती आहे. साथीचा धर्म साथीदाराचा. त्याचें ओझें मुख्य वादकावर कां असावें?