दांडिया बाजाराची शेजारीण

दांडिया बाजार म्हटला की बडोदेकर मराठी माणसास जुने वाडे आठवतात, जवळचा सुरसागर आठवतो, आणि श्रीअरविंदांच्या बडोद्यातील वास्तव्याची साक्ष देणारे अरविंद निवासही आठवते. विश्वामित्रीचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. खरे पाहता ती या वस्तीची सर्वांत जुनी शेजारीण. पश्चिमेस थोडे चालून गेले की तिचे पात्र लागते. पण गावाने तिच्याकडे पाठच फिरविलेली आहे.

पावागडच्या डोंगरात उगम पावून ही नदी बडोद्यातून वाट काढते आणि पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखातास जाते. तिच्यातील मगरी प्रसिद्ध आहेत. भर शहरात, लाखो लोकांच्या वस्तीत मगरींनी असा संसार थाटल्याचे उदाहरण जगात विरळाच! फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरातून जाणाऱ्या सुमारे २५ किलोमीटरच्या पात्रात त्यांची गणना झाली, तेव्हा संख्या ४४२ भरली. वर्तमानपत्रांनी तो आकडा ठळक छापला. आमच्या मते आकड्याहून नकाशा महत्त्वाचा. मगरी किती आहेत हे कळून काय उपयोग, त्या कोणत्या काठावर राहतात हे जर ठाऊक नसेल?

शेजारच्या घरातील एक मुलगी पर्यावरणशास्त्राची उच्च पदवी घेऊन नुकतीच अशाच कामास लागली आहे. नोकरी कराराची, वेतन बेताचे. “एवढं शिकून शेवटी चिखलच तुडवायचा का?” ही तिच्या आईची तक्रार आम्ही जिन्यातून अनेकदा ऐकली आहे. हिवाळ्यात मगरी उन्हे खात काठावर पडतात, त्या वेळी दिवसा मोजणी होते. रात्री विजेरीचा झोत पाण्यावर टाकला की त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, आणि दोन डोळ्यांमधील अंतरावरून जनावर केवढे असेल याचा अदमास बांधता येतो. काठावरील बिळे आणि अंडी घालण्याच्या जागा यांचे अक्षांश-रेखांश उपग्रहाच्या साह्याने टिपले जातात. पुढे हे सारे बिंदू संगणकावर नदीच्या नकाशावर बसवायचे. दिवसभर उन्हात आणि रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे, असा तिचा दिनक्रम आहे.

बडोद्यास ही दृष्टी अगदीच नवी नव्हे. सर पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९१६ साली बडोदे शहराच्या विकासाविषयी दरबारास अहवाल सादर केला. आधी पाहणी, मग आराखडा, हे त्यांचे सूत्र होते. गाव पायी हिंडून पाहिल्यावाचून त्याविषयी बोलू नये, अशा मताचा हा माणूस. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

ही मुलगीही हिंडते, आणि केवळ नदीकाठी नव्हे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांवर चढले, सखल भागांतील घरे बुडाली आणि मगरी रस्त्यांवर आल्या. पाणी कोठे कसे पसरले ते उपग्रहाच्या चित्रांत दिसते. पूर्वी ते कोठे मुरत असे, हे मात्र ते चित्र सांगत नाही. म्हणून ती वृद्धांना विचारीत फिरते. आमच्या आळीतील नव्वदी गाठलेल्या एका आजींना तिने विचारले, “आजी, तुमच्या वेळी पाणी कुठपर्यंत यायचं?” आजी म्हणाल्या, “पाणी यायचं कशाला? त्याला जायला जागा होती. तिकडे तळं होतं, आम्ही गौरी बोळवायला जायचो.” त्या जागी आता इमारती आहेत. नदीकाठच्या घळींना इकडे कोतरे म्हणतात. पुराचे पाणी सामावून घेणारी अशी किती तरी कोतरे भरावाखाली गेली.

२०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. पूर टाळण्याची निकड कोण नाकारील? परंतु तोच मगरींच्या विणीचा हंगाम. मादी काठाच्या मातीत खड्डा करून २५-३० अंडी घालते, आणि सुमारे दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्ले बाहेर पडतात. यंत्राचा फाळ कोठे चालावा आणि कोठे थांबावा, हे ठरविण्यास काठाचा नकाशा हाती हवा, आणि तोही यंत्र येण्यापूर्वी. यंत्र येऊन गेल्यावर केलेला नकाशा म्हणजे नुसती हानीची नोंद.

आजींचे तळे तिने निळ्या तुटक रेषेने दाखविले आहे. त्याला लोक काय नावाने ओळखीत, हे आजींना त्या दिवशी आठवले नाही. ते विचारावयास ती रविवारी पुन्हा येणार आहे.